पऱ्हाटीचं अक्षर

कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उभी राहते. वाळकी, काटकुळी, वळायचं तिथे मोडलेली. पाचोऱ्याकडच्या आमच्या शेतात ती बघत मी वाढले. पुढे जळगावात एका बोर्ड बनवणाऱ्याकडे कॉम्प्युटरवर बसायला लागले, तेव्हा तिच्यावरून मी एक अख्खा फॉन्ट काढला. सुतासारखी बारीक रेघ, गोलाई कुठेच नाही. व चं पोट त्रिकोणी, ठ चौकोनी, वेलांटीलासुद्धा कोपरा. दुकान सुटलं की घरी बसून काढायचे.

मालकांना सगळे भाऊ म्हणत. अक्षर बघून ते म्हणाले, "हे काय काड्या लावून ठेवल्यास?" मग ते एका लग्नपत्रिकेवर वापरलं, पत्रिका गाजली, आणि भाऊ गिऱ्हाइकांना सांगू लागले की हे अक्षर त्यांनी स्वतः बसवलंय. माझ्या तोंडावर. आयत्या बिळावर नागोबा! मला पैसा नको होता. हे हिनं काढलं, एवढं एकदा चारचौघांत म्हटले असते तरी मी जन्मभर त्यांच्याकडे राबले असते. तेवढंही म्हटले नाहीत. मी ते विसरले नाही.

नशिराबादजवळ हायवेला त्यांनी नवं दुकान काढलं. मुहूर्त आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा; बोर्डावर त्यांचं आडनाव, अर्थात माझ्या अक्षरात. एवढं बारीक अक्षर कागदावर शोभतं, पण उंचावर लावायचं तर स्टीलमध्ये कापून स्क्रूने आवळावं लागतं. भाऊंनी पातळ ॲक्रिलिक कापलं आणि काळ्या पत्र्यावर डबल टेपने चिकटवलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? नसतंच सांगितलं.

आखाजीचं ऊन आमच्याकडे कुणाला सांगायला नको. दुपारपर्यंत पत्रा तव्यासारखा तापला. त्यात आपली हौस अशी की नव्या बोर्डाला झेंडूचा हार हवाच, तोही भरगच्च, पाणी शिंपडलेला. शिडीवरच्या माणसाने तो अक्षरांच्याच कोपऱ्यांवर अडकवला. माझे कोपरे त्याला फार सोयीचे पडले. मी मांडवात बसून आमरस ओरपत बघत होते, आणि मला बरं वाटत होतं.

भाऊ माईक घेऊन उभे राहिले. "हे अक्षर मी रात्र-रात्र जागून काढलंय," एवढं बोलले आणि वर कट्‌कन आवाज झाला. एक वेलांटी वाकून मोडली, तिच्यामागे हार आला, हारामागे भाऊंचं अख्खं आडनाव. नशीब, खाली कुणी नव्हतं.

पाहुणे वर बघत राहिले. भाऊंनी घाम पुसत मला हाक मारली, "माय, हाई कसं काय व्हयनं व? सांग ना!"

माईक चालूच होता. मी वाटी खाली ठेवली, उठून त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, "भाऊ, अक्षर तुमनं शे ना? मंग तुम्हीच सांगा."

मी तिथूनच काम सोडून घरी आले.

त्या बोर्डावर आता बाजारातलं जाड, गुबगुबीत अक्षर आहे. एसटीने जाताना मी अजून त्या बाजूची खिडकी धरते. नव्या अक्षरांच्या मधून जुन्या टेपचे बारीक, कोनदार ठसे दिसतात. भाऊंनी वरून रंग मारून पाहिला, तरी दिसतात.