गोविंदाच्या गाडीचा तिसरा क्लच

गिऱ्हाइकाने मला माझं काम शिकवलेलं मला खपत नाही. बुलढाण्याजवळ चिखलीला माझं गॅरेज आहे, तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत मी कितीतरी माणसांना हात जोडून सांगितलंय की बाबा, गाडी दुसरीकडे ने. उंद्रीच्या गोविंदाला मात्र मी असं कधी सांगू शकलो नाही. तो शिकवत नसे, नुसता विचारत असे. एक प्रश्न विचारायचा, उत्तर ऐकायचा, आणि मग इतका वेळ गप्प बसायचा की मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं.

उंचीने बेताचा, खांदे जरा पुढे झुकलेले, पायात कायम टायरच्या तळव्याची चप्पल. घरची चार एकर, सोयाबीन आणि तूर. आणि एक पांढरी डिझेल कार, सेकंडहँड घेतलेली. ती गाडी तो रोज वापरायचा. सकाळी वावरात, दुपारी चिखलीला खत-औषध आणायला, आणि कोणाचाही फोन आला की दवाखान्यात. गावात कोणाच्या छातीत दुखलं, कोणी झाडावरून पडलं, कोणाची सून अडली, की लोक अँब्युलन्सला फोन करायचे आणि लगेच दुसरा गोविंदाला. मागच्या सीटवर त्याने एक जाड गोधडी कायम अंथरून ठेवलेली. तिच्यावर तो कोणाला पाय ठेवू देत नसे.

ही गाडी त्याने संभाजीनगरला नेऊन ट्यून करून आणली. लॅपटॉप लावून इंजिनाची ताकद वाढवतात, ते. पोरं करतात, मला माहीत होतं. पण पंचेचाळिशीचा शेतकरी गाडी ट्यून करतो म्हटल्यावर मला हसू आलं. चाळिशी उलटल्यावर कोणी केस काळे करतं, याला गाडी पळवायची हौस आली, असं मी शेजारच्या चहावाल्याला बोललो. ते बोलणं मला आजही टोचतं. कारण मला तेव्हा पुष्पांजलीचं माहीत नव्हतं.

पुष्पांजली त्याची बायको. तूर सोंगायच्या, म्हणजे कापणीच्या दिवसांत, भरदुपारी, वावरातच तिचं डोकं फुटायला आलं आणि तिला उलट्या सुरू झाल्या. गोविंदाने तिला याच गाडीच्या मागच्या सीटवर निजवलं. पोरगी काजल तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि त्याने बुलढाण्याच्या दिशेने गाडी सोडली. डोक्यातली नस फुटली होती. दवाखान्यात पोहोचल्यावर तासाभरात ती गेली. व्हरांड्यात दुसऱ्याच कुठल्या पेशंटचा नातेवाईक उभा होता. ना ओळख ना पाळख. तो सहज म्हणाला, "थोडं लवकर आनाले पाह्यजे होतं." म्हणाला आणि तंबाखू थुंकायला बाहेर निघून गेला. त्या माणसाला आपण काय बोललो हे संध्याकाळपर्यंतही आठवलं नसेल. गोविंदाने मात्र ते वाक्य घरी आणलं आणि त्याच्यासोबत राहायला लागला. दोन महिन्यांत गाडी ट्यून झाली.

हे सगळं मला त्यानेच सांगितलं, पहिला क्लच जळला तेव्हा.

इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचवते ती क्लचची प्लेट. कंपनी ती प्लेट कंपनीच्या ताकदीपुरतीच देते. इंजिन वाढवलं आणि प्लेट तीच ठेवली, की ती घसरायला लागते. इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही, आणि जळका वास येतो. गोविंदाची प्लेट आठ महिन्यांत कोळसा झाली. तो म्हणाला, "मिस्त्री, अशी टाक का पुन्हा घसरली नाई पाह्यजे." मी छाती पुढे काढून सांगितलं, टाकतो. आणि शर्यतीच्या गाड्यांना लावतात ती प्लेट मागवली. तिला गोल अस्तर नसतं, धातूचे सहा जाड तुकडे असतात. ती धरते म्हणजे धरतेच. मधलं काही नाही. पाय सोडला की गाडी ढुशी मारल्यासारखी पुढे जाते. मी चालवून पाहिली. मला फार आवडली. खरं सांगतो, मला माझाच अभिमान वाटला.

सहा महिने तो काही बोलला नाही. मग एक दिवस सकाळीच गॅरेजसमोर गाडी उभी केली आणि म्हणाला, "ही काढ."

"काऊन? घसरून राह्यली काय?"

"नाई. घसरत नाई."

"मंग काय बिघडलं तिचं?"

"काल वच्छलाबाईले नेलं. ओसरीत पडली म्हातारी, खुबा मोडला तिचा."

"मंग?"

"गिअर टाकला का वरडे, मिस्त्री. दर गिअरले. मी मोजले. बुलढान्यापर्यंत त्रेसष्ट."

मी भडकलो. माझ्या हातची प्लेट, एका पेशंटच्या ओरडण्यावरून काढायची? म्हटलं, खुबा मोडल्यावर माणूस ओरडणारच, बैलगाडीत घाला नाहीतर विमानात घाला. गोविंदाने ऐकून घेतलं. मग मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "तू निज इथं."

"काय?"

"निज. मी चालवतो."

माझ्या गॅरेजसमोर, चार लोकांदेखत, मी त्या गोधडीवर आडवा झालो. हसणारे हसले. गोविंदाने मेहकर रोडला गाडी घेतली. पहिला गिअर सुटला तेव्हा माझं डोकं दाराच्या कडीवर आपटलं. दुसऱ्याला गुडघा पुढच्या सीटवर आदळला. आडवं पडलेल्या माणसाला समोरचा रस्ता दिसत नाही, ड्रायव्हरचा पाय दिसत नाही, म्हणून झटका कधी येणार ते कळत नाही आणि अंग सावरताही येत नाही. मी दोनशे तरी क्लच बसवले असतील. सगळे ड्रायव्हरच्या सीटवरून तपासले. मागे आडवं होऊन एकही नाही. पेट्रोल पंपापर्यंत जाऊन आलो तेव्हा मी खाली उतरलो आणि जॅक आणायला गेलो.

गिअरबॉक्स खाली उतरवला. आता काय बसवायचं, हा प्रश्न होता. मी गोविंदाला स्टुलावर बसवून नीट समजावलं. कंपनीची प्लेट मऊ आहे, पण जळेल. तुकड्यांची जळणार नाही, पण झटके देईल. तिसरी एक मिळते. पूर्ण गोल अस्तराची, मध्ये झटका गिळायला स्प्रिंगा, आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट कंपनीपेक्षा कडक. ती मऊ सुटते आणि बऱ्यापैकी धरते. पेडल थोडं जड होतं. किती, तेही मी त्याला दाखवलं. वेचलेला कापूस मोजतात तो हुकाचा वजनकाटा माझ्याकडे आहे, तो पेडलला अडकवून मी दाब मोजतो. त्याच गिअरबॉक्सची आणि तीच प्लेट लावलेली दुसऱ्या गिऱ्हाइकाची गाडी दारात उभी होती. तिच्यात काटा तेरा किलोच्या आसपास थांबला. कंपनीच्या प्लेटला नऊ-दहा भरतं. गोविंदाने स्वतः पाय ठेवून पाहिला आणि म्हणाला, जमते.

"पन एक हाय," मी म्हटलं. "पुरी ताकद ठेवशीन तं हीबी जळंन. इंजिनाची ताकद जरा उतरवा लागंन."

"किती वेळ वाढंन?"

"कायचा वेळ?"

"उंद्री ते बुलढानं."

मी मनात हिशेब केला. आपले रस्ते, मध्ये लागणारी गावं, बाजाराचे दिवस. ताकदीचा उपयोग होतो तो ओव्हरटेकला आणि चढावर, बाकी वेळ ती नुसती बॉनेटखाली असते. "चार मिनिटं," मी म्हटलं. "लई झालं तं पाच."

"चार मिनिटं," तो म्हणाला.

मला काय माहीत, मी त्याला काय सांगतोय! मला चार मिनिटं म्हणजे एक चहा. तो उठला, म्हणाला, "उद्या सांगतो," आणि एसटीने गावी गेला.

उद्या नाही, परवा नाही. गाडी माझ्या शेडमध्ये चार लाकडी ठोकळ्यांवर उभी, गिअरबॉक्स खाली गोणपाटावर, टेबलावर दोन्ही प्लेटा, काढलेली आणि नवी गोल, शेजारी शेजारी. मी फोन केला तर म्हणे, इचार करून राह्यलो. माझ्या तोंडात शिवी आली होती. क्लचचा असा कोणी विचार करतं का? पण चौथ्या दिवशी तो आला तेव्हा त्याचं तोंड पाहून शिवी तिथेच विरली. तो झोपलेला नव्हता. बरोबर काजल होती. बुलढाण्याला नर्सिंग शिकते, सुट्टीला घरी आली होती, आणि अंगणात गाडी नाही म्हणून तिने बापाला विचारलं होतं.

"हे पाय, काजल," गोविंदा मला सांगितल्यासारखं तिला सांगत होता, "ही बसवली तं पेशंटले तरास नाई. पन चार मिनिटं जातात. एखाद्याचा जीव त्या चार मिनिटांत असला तं? मंग तो कोनाच्या डोक्यावर?"

काजल टेबलाशी उभी होती. तिने ती तुकड्यांची प्लेट हातात घेतली, परत ठेवली.

"बाबा, त्या दिवशी मी मांगं होती."

"हाव."

"आईचं डोकं माह्या मांडीवर होतं. गाडी उसळली का ती माहा हात दाबे. हे इथं नखं रुतले होते तिचे." तिने मनगट दाखवलं. तिथे आता काही नव्हतं. "अन् मले म्हने, तुह्या बाबाले सांग, हळू चालवा म्हना. दोन खेपा म्हने."

गोविंदा तिच्याकडे बघत राहिला.

"म्या सांगतलं नाई तुमाले. मले वाटे, लवकर पोचलो तं ती वाचंन. तिनं शेवटचं तेवढंच मांगलं होतं अन् म्या तेबी सांगतलं नाई." पोरीने ओढणीने तोंड पुसलं. "आता शिकून राह्यली तं मले समजते. तितकं रक्त उतरल्यावर चार मिनिटांनं काही होत नाई, बाबा. काहीच होत नाई."

माझ्या गॅरेजमध्ये दिवसभर ठोकठोक चालते. त्या वेळी मी ग्राइंडर बंद केला. मला तिथून निघून जायचं होतं, पण ते दोघं दाराच्या वाटेत होते, म्हणून मी पाना हातात धरून उभा राहिलो. आपल्या नसलेल्या दुःखात उभं राहायला कोणी शिकवत नाही.

गोविंदा जुन्या टायरवर बसला. काजलचं ते मनगट त्याने दोन्ही हातांत घेतलं आणि अंगठ्याने पुसत राहिला, जणू वंगण लागलंय. दीड वर्ष तो व्हरांड्यातल्या त्या वाक्याच्या मागे गाडी पळवत होता आणि पोरगी दुसरंच एक वाक्य गिळून त्याच घरात भाकरी करत होती. दोघांनी एकमेकांना सांभाळायच्या नादात एकमेकांना काही सांगितलं नव्हतं.

मग तो म्हणाला, "लाव, मिस्त्री. ती गोल लाव."

"अन् इंजिन?"

"उतरव. तू म्हनशीन तितकं."

इंजिन उतरवणं माझ्या हातातलं नव्हतं. चिखलीत लॅपटॉपवाला एक ओळखीचा पोरगा आहे, त्याला दुसऱ्या दिवशी बोलावून मी ते करून घेतलं. प्लेट मात्र स्वतः बसवली. खोटं कशाला बोलू, इतकं मन लावून मी स्वतःच्या गाडीचंही काम केलेलं नाही. एकेक बोल्ट दोनदा तपासला. प्लेट ज्याच्यावर टेकते ते फ्लायव्हील पॉलिश पेपरने घासलं, पुसलं, पुन्हा पुसलं. पेडलला काटा लावला तर तेराला थोडा कमी.

गाडी तयार झाल्याचा फोन केला तेव्हा दोघंही आले. नव्या क्लचची पहिली चक्कर मी मारतो आणि मालक शेजारी बसतो, अशी माझी पद्धत. मी स्टिअरिंगवर बसलो. काजल पुढे बसायला आली. मी म्हटलं, तुझे बाबा? तर मागचं दार उघडल्याचा आवाज आला. गोविंदाने चप्पल खाली काढून ठेवली आणि गोधडीवर आडवा झाला. गुडघे दुमडून, कुशीवर, डोकं दाराकडे. या गाडीत इतक्या लोकांना त्याने निजवून नेलं होतं. स्वतः तो तिथे कधीच टेकला नव्हता.

मी त्याची चप्पल उचलून आत ठेवली आणि गाडी काढली. पहिला. दुसरा. गाव संपल्यावर चढाला मुद्दाम थांबलो, पुन्हा पहिल्यात उचलली, पुन्हा दुसरा, तिसरा. काजल मागे वळून बसली होती.

"मिस्त्री," मागून आवाज आला, "गिअर टाकत नाई काय?"

"तिसऱ्यात हाय."

"तिसऱ्यात?"

"हाव."

आरशात मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. फक्त एक हात दिसत होता, सीटची कड धरलेला. काजलने मागे हात नेला आणि तो हात धरला.

"मिस्त्री."

"बोल."

"हळू चालव."

स्पीडचा काटा चाळीसवर होता. मी तिसावर आणला. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, एक जीपवाला तर पुढे जाताना खिडकीतून काहीतरी बोलला. एरवी मी त्याला उतरून उत्तर दिलं असतं. मी गॅरेजकडे परत फिरलो नाही, आणि उंद्री येईपर्यंत तिसऱ्याच्या वर गेलो नाही.