सरळ झालेली मान आणि देवाचे डोळे

लालबागच्या कारखान्यात गणपतीचे डोळे मी काढतो. त्याला आम्ही आखणी म्हणतो. मूर्ती मांडीवर घ्यायची, मान खाली घालायची, श्वास रोखायचा आणि एका दमात रेघ ओढायची. मी काढलेले सगळे डोळे एकदम उघडले, तर अख्ख्या परळात कुणाची चोरी करायची हिंमत होणार नाही.

यंदा ऐन हंगामात उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. एकदा चहाचा ग्लासच निसटला. ग्लास निसटला तर चहा जातो. ब्रश निसटला तर देव चकणा होतो, आणि चकण्या देवाबरोबर माझं कामही जातं.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. मानेला मुळात बाक असतो म्हणे. माझे मणके मात्र बंद गिरणीच्या चिमणीसारखे ताठ उभे. सतत वाकून बाक गेला, नस दबतेय, महिनाभर आराम करा, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, गणपती माझ्यासाठी तारीख बदलणार नाहीत.

मग मी आमच्याकडचा रामबाण इलाज काढला. भोईवाड्यातला न्हावी दाढीनंतर मान अशी मोडतो, की रस्त्यावरचे टॅक्सीवाले टायर फुटला म्हणून खाली उतरतात. त्याने माझी हनुवटी धरली, मान जेमतेम वळवली, आणि माझा उजवा हात आहे की नाही तेच कळेना.

"सोड," मी कसाबसा म्हणालो.

"काका, अजून वाजवली कुठे?"

तसाच दवाखाना गाठला. बाईंनी मला असं झापलं, की बाहेरचे पेशंट बरे होऊन घरी गेले असतील. मान मोडून घेणं कायमचं बंद, रोजचा व्यायाम, आणि काम डोळ्यांच्या उंचीवर, एवढ्यावर सुटलो.

मी रंगाचे डबे एकावर एक रचले आणि मूर्ती वर ठेवली. कारखान्याचे मालक मालवणचे, देवाच्या बाबतीत कडक.

"देवाक डब्यार बसयतस?"

मी ब्रश रंगात बुडवला. मांडीचा आधार सुटल्यावर कोपर हवेतच राहिलं. पहिला डोळा उतरला. दुसऱ्याच्या अर्ध्या रेघेत बोटांना मुंग्या आल्या. थांबलो असतो तर रेघ तुटली असती. मान ताठ ठेवून खांद्यातून हात पुढे नेला.

मालक मूर्तीच्या नाकाला नाक लावून बराच वेळ बघत राहिले. मग ती अलगद उतरवली आणि दुसरी मूर्ती स्वतःच्या हातांनी डब्यांवर चढवली.