उपासाला पाणी चालतं

कुसुमनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "हात काढा."

माझा हात तिच्या सुनेच्या पोटावर होता. प्रज्ञा बाळंत होऊन दहा मिनिटं झाली होती. मुलगी झाली, रडली, वारही पडली. पण रक्त थांबत नव्हतं. टेबलाखालचा ट्रे भरून ते फरशीवर आलं होतं.

बाळंतपणानंतर गर्भाशय आवळून चेंडूसारखं घट्ट व्हावं लागतं. ते सैल राहिलं तर बाईचं रक्त वाहून जातं. अशा वेळी इंजेक्शन देतात आणि पोटावरून हातानं चोळत राहतात. सिस्टरनं इंजेक्शन दिलं होतं, अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला होता आणि आता ती सलाईनसाठी शीर शोधत होती. चोळायला मी एकटीच होते.

मी घनसावंगी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात अंशकालीन स्त्री परिचर आहे. म्हणजे झाडायचं, पुसायचं, हत्यारं उकळायची आणि बाळंतपणात सिस्टरच्या हाताखाली राहायचं. त्याआधी मी गावात दाई होते. शाळा चौथीपर्यंत. आमचं घर धनगराचं. कुसुमचं घर विहारामागच्या वस्तीत, बौद्धांचं. तिची तिन्ही बाळंतपणं मीच केली. प्रज्ञाचा नवरा याच हातावर जन्मला.

"अर्धा तास बाकड्यावर ठिवली तिला," कुसुम म्हणाली. "तुमच्या गल्लीतली पोरगी टेबलावरून उतरली तरी आमचीला आत घेतली न्हाई. आता कशाला हात लावून राह्यल्या?"

तिचं हे म्हणणं चूक होतं. आधीच्या बाळंतपणाचं टेबल मी ब्लीचिंगनं धुत होते. ते न धुता कुणालाच वर घेत नाहीत. फार तर पंधरा मिनिटं गेली. पण बाकड्यावर बसलेल्या माणसाचं घड्याळ वेगळं चालतं.

माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. तुझी तीन पोरं काढली, तेव्हा जात पाहिली का? असं म्हणणारच होते. तेवढ्यात ती म्हणाली, "तीन बाळंतपणं केली माझी. तिन्ही टायमाला पाणी दिलं. तिन्ही टायमाला तुम्हाला उपास. सोमवारी महादेवाचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. उपासाला पाणी चालतं, बाई. आमचंच चालत न्हाई."

दारात वस्तीतल्या दोघी उभ्या होत्या. सिस्टर सुई हातात धरून माझ्याकडे बघत होती.

हे खरं होतं. मी त्या घरात कोपरापर्यंत हात रक्तात घातले, पोर बाहेर काढलं, नाळ कापली. आणि पाण्याचा तांब्या पुढे आला की उपास. घरी येऊन दोन तांबे पाणी प्यायचे. माझी आई दाई होती. तीही असंच करायची. मी कधी विचार केला नाही. कुणी विचारलं असतं तर मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की मी जात पाळत नाही.

टेबलाचं सांगून मी सुटले असते. पण त्या भांडणाला पाच मिनिटं लागली असती, आणि प्रज्ञाकडे पाच मिनिटं नव्हती.

मी म्हणाले, "कुसुम, उपासाचं खरं हाय. मी खोटं बोलायची. त्याचं तू मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकते. पण हे पोट सोडता येत न्हाई. माझा हात नको तर तुझा ठेव. मी दाखवते."

तिनं मनगट सोडलं. मी तिचा तळवा घेऊन प्रज्ञाच्या बेंबीखाली ठेवला आणि वरून माझा दाबला. "हे मऊ लागतं ना? हे घट्ट झालं पाहिजे. गोल चोळ. जोरात."

कुसुम चोळायला लागली. थोड्या वेळानं तिनं माझ्याकडे पाहिलं. हाताखाली घट्ट लागत होतं. मग पुन्हा सैल झालं. मग पुन्हा चोळलं.

अ‍ॅम्ब्युलन्स आली. आमच्या गल्लीतली बाळंतीण आतच होती, म्हणून सिस्टरला निघता येईना. मी गेले. गाडीतल्या डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन दिलं, दुसरी बाटली लावली आणि हात थांबवू नका म्हणाले. जालन्यापर्यंत आम्ही दोघी पाळीपाळीनं चोळत होतो. उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या. प्रत्येक स्पीडब्रेकरला माझा हात निसटायचा आणि मी पुन्हा जागा शोधायची. प्रज्ञा आधी पाणी मागत होती. मग मागायची थांबली. मला ते आवडलं नाही. बाळ कुसुमच्या दंडाशी फडक्यात होतं.

जालन्याच्या सरकारी दवाखान्यात प्रज्ञाला आत नेलं आणि दार लावलं. रक्ताच्या पिशव्या आत जाताना दिसल्या. मला बसवेना. जिन्यापर्यंत जायचं, परत यायचं. हाताला काम नसलं की मला काही सुचत नाही. लुगड्याला रक्त वाळून कडक झालं होतं.

तेवढ्यात आमच्या मेडिकल ऑफिसरांचा फोन आला. कुसुमच्या भावानं त्यांना फोन करून तक्रार केली होती.

"मावशी, काही कबूल करू नका," साहेब म्हणाले. "टेबल धुणं चालू होतं. आधीच्या डिलिव्हरीची वेळ रजिस्टरला आहे. आपण सेफ आहोत."

"टेबलाचं बराबर हाय, साहेब. पण दुसरंही खरं हाय."

"दुसरं काय?"

मी उपासाचं सांगितलं.

"ते रेकॉर्डवर आहे का?"

"न्हाई."

"मग बोलू नका."

"बोलले मी. तिच्याच पुढं."

साहेब म्हणाले की चौकशीत टेबलापुरतंच बोला. मी म्हणाले, विचारतील ते सांगीन.

फोन ठेवला आणि पुन्हा फेऱ्या सुरू केल्या. टेबलाचंही माझ्या डोक्यातून जाईना. मी प्रज्ञाला नुसतं "थांबा" म्हणाले होते. कारण सांगितलं नव्हतं. आमच्या गल्लीतली बाई बाकड्यावर असती तर सांगितलं असतं का? बहुतेक सांगितलं असतं. वर तिच्या आईशी दोन गोष्टीही बोलले असते.

कुसुमची बहीण जुन्या जालन्यात राहते. ती डबा आणि पाण्याची बाटली देऊन, बाळाला डॉक्टरांना दाखवायला खालच्या वॉर्डात गेली. मी कुसुमपाशी जाऊन बसले. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं.

"पाणी दे मला," मी म्हणाले.

कुसुमनं बाटली मांडीवर घेतली. "आज मंगळवार. आज कोणाचा उपास?"

"कोणाचाच न्हाई."

"मंग ऱ्हावा तहानेल्या," ती म्हणाली. "आज तुम्हाला गरज हाय म्हणून पिऊन राह्यल्या. आमच्या घरचा तांब्या तीनदा तुमच्यापुढं आला होता."

मी नळावर जाऊन पाणी प्यायले. राग आला नाही असं नाही. आला. पण तिचं चुकलं असं म्हणता येईना. एक घोट पाणी पिऊन तीन तांब्यांचं पाप फेडता येतं, असं मला वाटलं होतं. ते स्वस्तात होत होतं.

परत आले तेव्हा ती म्हणाली, "ते टेबल खरंच धुवून राह्यल्या होत्या का?"

"हो. पण तुला सांगायला पाहिजे होतं."

"पाहिजे होतं," ती म्हणाली. आणि मग दार उघडलं.

पुढे चौकशी झाली. टेबलाचा आरोप खोटा ठरला. उपासाचं कुणी विचारलं नाही, म्हणून शेवटी मीच सांगितलं. लिहून घेणाऱ्यानं पेन खाली ठेवला आणि म्हणाला, याला रकाना नाही.

आता बाई बाकड्यावर बसली की मी आधी कारण सांगते. टेबल धुतेय, पंधरा मिनिटं लागतील. कुठल्याही गल्लीची असो. आणि पाणी पुढं आलं की पिते.

मला एवढं कळलं. कुणी म्हणालं की तू जात पाळतेस, तर आधी त्यातलं खरं काय ते शोधावं. खोटं काय ते शोधायला साहेबसुद्धा मदत करतात.

बाळंतपणानंतर घरी जाऊन तपासायचं असतं. सिस्टरबरोबर मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा प्रज्ञानं पाण्याचा तांब्या आणून दिला. कुसुम समोर बसून माझ्या गळ्याकडे बघत होती, खरंच खाली उतरतं का ते. तांब्या रिकामा झाल्यावर ती उठून आत गेली.

प्रज्ञा वाचली. तिची मुलगीही वाचली.