कोंड्यातला हात

होरिउची तोकुझोला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बँकॉकच्या नदीकाठी एक बडं हॉटेल आहे, त्यातल्या जपानी रेस्टॉरंटात तो गिऱ्हाइकांसमोर उभा राहून सुशी वळायचा आणि गिऱ्हाईक नसलं की उभ्यानेच सुऱ्यांना धार लावायचा. सगळ्या सुऱ्या झाल्या की पुन्हा पहिली घ्यायचा. खोलीवर त्याची मोठी बॅग कपाटावर न चढता दाराशीच ताटकळत असे. "एवढा करार संपला की घरी," असं तो प्रत्येक कराराच्या वेळी म्हणायचा आणि सही करून मोकळा व्हायचा. हाताखालचे लोक त्याला ताईशो म्हणत, म्हणजे उस्ताद. पाठीमागे काय म्हणत ते विचारू नये.

घर म्हणजे हिमी, जपानातलं समुद्रकाठचं थंड गाव. तिथून येताना त्याने एकच मोलाची वस्तू आणली होती, ती म्हणजे आईच्या डब्यातला कोंडा. भाताच्या कोंड्यात मीठ, समुद्रातलं शेवाळ आणि सुकी मिरची कालवायची, त्यात काकडी-वांगी पुरायची आणि रोज तळापासून हाताने वरखाली करायचं. एखादा दिवस हात चुकला तर तो आंबतो, चार दिवस चुकला तर मरतो. चमचा चालत नाही. ज्याचा हात, त्याची चव, असं तिकडचे लोक मानतात. 'भुकेला कोंडा' असं आपण गरिबीचं म्हणून म्हणतो, पण इथे त्या कोंड्यातल्या दोन फोडी जेवणाच्या शेवटी बशीत आल्या की सुटाबुटातले पाहुणे डोळे मिटून घेत.

पण व्हिनेगर, बर्फ आणि पाणी यांनी तोकुझोच्या हातांची सालपटं निघाली. डॉक्टर म्हणाले, खाऱ्यात हात घालाल तर बोटं गमावून बसाल. सुशी वळायला हातमोजे चढवावे लागले आणि ती बेअब्रू त्याने कशीबशी गिळली. कोंड्याचं काम मात्र त्याने वानकडे दिलं. वान थायलंडच्या ईशान्येकडच्या उबोनची, चाळिशी उलटलेली, भाज्या चिरण्यात वाघीण.

"रोज ढवळ," तो म्हणाला.

"कसं, ताईशो?"

"बघ."

त्याच्या धंद्यात शिकवत नाहीत, शिकणाऱ्याने डोळ्यांनी चोरायचं असतं. झालं, शिकवणी संपली. त्यानंतर तोकुझो पाहुण्यांना त्या फोडी वाढत राहिला, पण स्वतः एकही खाईना. खाल्ली की दाराशी ठेवलेली बॅग आठवायची. न चाखता वाढणं हे त्या धंद्यात पाप, आणि ते पाप तो रोज करत होता.

एका दुपारी हिमीहून धाकट्या बहिणीचा, एत्सुयोचा, फोन आला.

"दादा, आई जेवत नाहीये."

"म्हणजे काय?"

"वृद्धाश्रमात नेल्यापासून कुरकुर होतीच. आता चमचा दिसला की तोंड मिटून घेते. फक्त कोंड्यातलं वांगं मागते."

"मग दे की!"

"घरचा डबा मेला, दादा. मी तरी रोज त्या रिकाम्या घरात कशी जाणार? उघडला तर वर काळी बुरशी. ओरडू नकोस मला. तुझ्याकडे आहे ना? तो आईचाच आहे."

शुक्रवारच्या विमानाचं तिकीट त्याने तिथल्या तिथे काढलं. मग डब्यातून एक काकडी काढली, धुतली आणि कचकन चावली. चव आईची नव्हती. काहीतरी खमंग, भाजकं, कुठल्या तरी परक्या चुलीवरचं त्यात शिरलं होतं.

"वान-सान! काय घातलंस यात?"

भांडी घासणारे नळ बंद करून बघू लागले. वान हसली. तिथले लोक लाजेने मेले की हसतात. इतकी वर्षं राहून ताईशोला हे ठाऊक असायला हवं होतं, पण त्याला वाटलं, बाई खिल्ली उडवतेय.

"हसतेस? माझ्या आईचा डबा नासवलास आणि हसतेस? तुला हात लावायला दिला हेच चुकलं माझं!"

वानने एप्रन काढला, नीट घडी केली, फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

तोकुझोने डबा स्वतः ढवळायला घेतला. भेगांत मीठ शिरलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तरी कोंडा रुसलेलाच. वरून पाणी सुटलं, रंगाच्या दुकानासारखा वास मारू लागला. तो कोंडा घाली, मीठ घाली, डबा फ्रीजमध्ये ठेवी, पुन्हा बाहेर काढी. डबा दगावला तर आई काय खाणार, याशिवाय डोक्यात काही नव्हतं. माशाऐवजी एकदा त्याने स्वतःचा हातमोजा कापला.

दुय्यम आचारी प्रासित शेवटी म्हणाला, "ताईशो, वानताई येणार नाही."

"मी फक्त विचारलं तिला."

"सगळ्यांसमोर विचारलंत."

"माझ्या उस्तादाने मला सगळ्यांसमोर पळीने हाणलं होतं! दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी कामावर हजर होतो."

"म्हणून तर तुम्ही असे झालात," प्रासित म्हणाला आणि कांदे घेऊन सटकला.

गुरुवारी दुपारी तोकुझो कामाच्या पांढऱ्या कपड्यांतच होडीत चढला आणि नदीपलीकडे उतरला. देवळामागच्या गल्लीत वानच्या मावसबहिणीची पपईच्या कोशिंबिरीची गाडी होती. वान तिथे उखळीत मिरच्या कुटत होती. भोवती स्टुलांवर रिक्षावाले, शाळेच्या बाई, दोन भिक्षू. तोकुझो गाडीसमोर उभा राहिला आणि कमरेत वाकला, इतका की डोकं जवळजवळ गुडघ्यांना टेकलं. तसाच राहिला. खाणाऱ्यांचे घास हातात राहिले.

"उठा, ताईशो! लोक बघतायत."

"बघू देत. त्या दिवशीही बघत होते."

वानने मुसळ खाली ठेवलं. "आधी स्टूल घ्या. बसा."

तो बसला नाही, पण सरळ उभा राहिला.

"काय घातलंस, एवढंच सांग. रागावत नाही."

"रागावलात तर बहिणीच्या हातात कोयता आहे," वान म्हणाली आणि गाडीभोवती हशा पिकला. मग ती गंभीर झाली. "एप्रिलच्या उकाड्यात तुमचा डबा मरायला टेकला होता. तुम्हाला सांगायला आले, तर तुम्ही म्हणालात, 'बघ.' मग बघितलं. आमच्याकडे मासे आंबवतात त्यात भाजलेला कोंडा घालतात. आईकडून गावच्या गिरणीतला मागवला, भाजला, घातला. जगला. तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, आवडलं असेल."

"मी चाखलंच नव्हतं," तो म्हणाला. हे सांगताना त्याला जेवढी लाज वाटली तेवढी गल्लीत वाकताना वाटली नव्हती.

वान त्याच होडीने परत आली. डबा उघडून नाक मुरडलं, "काय हाल केलेत हो गरिबाचे!" म्हणाली आणि कोपरापर्यंत हात घातला. निघायच्या दिवशी तिने वांगी पुरलेला अर्धा कोंडा त्याला बांधून दिला. अर्धा ठेवून घेतला. तोकुझोने दाराशी ठेवलेली मोठी बॅग उचलली, सगळ्या सुऱ्या तिच्यात भरल्या. ते पाहून प्रासितने ओळखलं, ताईशो आता परत येत नाही. जपानच्या विमानतळावर तपासणीच्या माणसाने पुडकं हुंगलं, कागद तपासले आणि "आमच्या आजीच्या घरात शिरलो की हाच वास," म्हणत सोडून दिलं.

वृद्धाश्रमात आई उशीला टेकून भिंतीकडे बघत होती. एवढीशी झाली होती. तोकुझोने वांग्याची पातळ फोड तिच्या ओठांशी धरली. तिने हुंगली, तोंडात घेतली, कितीतरी वेळ घोळवली.

"हा माझा हात नाही," ती म्हणाली.

एत्सुयोने मान खाली घातली.

"कुणाचा?" आईने विचारलं.

"वान म्हणून आहे, तिकडची. डबा मरत होता, तिने वाचवला. मी लक्ष दिलं नाही, आई."

आई चावत राहिली. "आणखी एक दे."

दुसरी फोड खाऊन ती म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा त्यात सासूचा हात होता. शिसारी यायची मला त्या चवीची. म्हातारी गेली तरी तिची चव काही जाईना. रोज हात घालत राहिले. एक दिवस चाखते तर माझीच चव! चुलीपाशी बसून रडले होते. या बाईचा हात मात्र लवकर उतरला त्यात." मग एत्सुयोकडे वळून खेकसली, "नुसतं काय लोणचं खाऊ? भात आण!"

एत्सुयो पळतच गेली.

आईने तोकुझोचा हात ओढून घेतला. भेगा एकेक करून बघितल्या आणि मग दाराशी ठेवलेली बॅग.

"एवढी मोठी बॅग? कायमचा आलास?"

"तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठी म्हणे! या हातांनी डबा सांभाळणार? की ती सांभाळेल, बुरशीवाली?" तिने भात आणणाऱ्या एत्सुयोकडे हनुवटी उडवली. "डबा जिथे जगतोय तिथे जा. वांगी घेऊन येत जा. आणि त्या बाईला सांग, मीठ जरा हात राखून घालावं."

तोकुझोला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. त्याने भाताची वाटी घेतली, खुर्ची ओढली आणि आईला भरवायला बसला. वाटी रिकामी होईपर्यंत उठला नाही.