काकूचा पाट

कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मला विषय मिळाला होता, इंग्रजांच्या काळातला विधवाविवाहाचा वाद. भाषण इंग्रजीत. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, म्हणून मी ते स्वयंपाकघरात काकूसमोर म्हणायची. काका वारले तेव्हा काकू सत्तावीस वर्षांची होती. त्यालाही आता पाच वर्षं झाली.

एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, “काय बोलून राह्यली वं? मराठीत सांग ना.”

मी सांगितलं. काही जण म्हणत होते विधवेचं लग्न होऊ द्या, बाकीचे म्हणत होते धर्म बुडेल.

काकू हसली. “आपल्यात तर विधवेचा पाट लागे. माह्या आजीचाच लागला. दुसरा नवरा चांगला निंघाला म्हने.”

हे माझ्या पुस्तकांत कुठेच नव्हतं. परीक्षकांना गावंढळ वाटेल म्हणून मी ते भाषणात घेतलं नाही. मला ट्रॉफी मिळाली.

दिवाळीनंतर कारंज्याहून काकूसाठी लग्नाचा निरोप आला. बायको वारलेला, एसटीत कंडक्टर. काकूने मला मोरीपाशी गाठलं. “तुह्या बाबाले सांग. भाषणात बोलली तेच. मराठीत.” मी मान डोलावली.

बाबांचे थोरले भाऊ, मोठे बाबा, किन्हीराजाहून आले. बैठकीत शेजारचे आजोबा म्हणाले, “पाट तर पहिले लागतच होते आपल्यात.”

“अडानी होतो तवा,” मोठे बाबा म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “आता आपल्या पोरी इंग्रजी बोलतात. पाट लावला तं हिले चांगलं घर कोन देईन?”

बाबा हसले. “हिलेच इचारा. बक्षीस भेटलं तिले याच विषयात.”

काकू दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती माझ्याकडेच बघत होती. मला मराठी येत नव्हतं असं नाही.

“मला काय माहीत,” मी म्हणाले.

“पाह्य, शहाणी हाये पोरगी,” मोठे बाबा म्हणाले आणि त्यांनी ट्रेमधला चहा उचलला. कारंज्याला त्याच दुपारी फोनवर नकार गेला.

यंदा पुन्हा स्पर्धा आहे. विषय मुलींच्या पहिल्या शाळांचा. मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले.

“मले नाही समजत इंग्रजी,” काकू म्हणाली आणि परातीत पीठ घेतलं.

“मराठीत सांगते ना.”

“कायले?”

ती पीठ मळत राहिली. मी कागद घेऊन गच्चीवर गेले.