सुदाम साठ वर्षांचा कसा झाला?

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर रोज सुविचार असतो. आज मी सकाळचीच गोष्ट लिहून राहिलो.

माझा दोस्त सुदाम काल गेला. झोपडी तुटल्यापासून चार वर्षं तो राजापेठेत दुकानांच्या ओट्यावर झोपत होता.

मी आज नगरपालिकेत त्याच्या मृत्यूची नोंद करायले गेलो. तिथल्या बाबूनं न विचारताच लिहिलं: वय साठ, कारण म्हातारपण.

"साठ काहून?"

"केस पांढरे, दात पडलेले. रोज पाहत होतो ना मी त्याले."

"बाबूजी, इंग्रजाच्या राज्यात आमी दोघं एकाच वर्गात होतो. इंग्रज जाऊन पंधराच वर्षं झाली, मले आता अडतिसावं चालू आहे!"

त्यानं साठ खोडलं. मले शंका आली, म्हणून मी वहीत डोकावलो. त्याच पानावर पत्ता नसलेले आणखी तिघंजण होते. तिघंही साठचेच, तिघंही म्हातारपणानंच गेलेले.

त्यांच्या वर्गातलं कोणी आहे काय इथं?