पारसकाकांची भीती

पारसकाकांच्या मुलाचा, महावीरचा फोन आला तेव्हा शाळेत मधली सुट्टी होती आणि मी खिचडीच्या रांगेपाशी उभी होते. "ताई, पप्पा गेले," एवढंच तो म्हणाला. सकाळी चहा घेतला, जरा पडतो म्हणाले, आणि मग उठलेच नाहीत... मी "येते" म्हणून फोन ठेवला. रडू आलं नाही. पोटात गोळा आला. नाटकात समोरच्याचं वाक्य संपून आपलं यायचं असतं आणि ते आठवत नाही, तेव्हा येतो ना, अगदी तसाच. आज या गोष्टीला काही आठवडे झाले, पण तो गोळा अजून पुरता विरघळलेला नाही.

पारसकाका म्हणजे तळोद्याच्या बाजारातले कापडाचे व्यापारी. आजोबा राजस्थानातून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मारवाडी, डोंगरातून जीपने उतरणाऱ्या गिऱ्हाइकांशी त्यांची बोली आणि रंगमंचावर आमची अहिराणी. ती इतकी अस्सल की रनाळ्याच्या माझ्या माहेरची म्हातारी माणसंही म्हणत, "हाऊ शेठ शे का आपला भाऊबंद?" काकांनी स्टेजवर पाऊल टाकलं की लोक हसायला लागत. अजून काही बोललेलेही नसत. नुसतं धोतराचं टोक वर धरून इकडेतिकडे बघत, तेवढ्यात मागची रांग लोळायची. आमच्या हौशी मंडळींचा सगळा डोलारा त्यांच्या त्या बघण्यावर उभा होता.

मी त्यांच्यात आले ती नोकरीला लागल्या लागल्या. नाटकात मुलीचं काम करायला कोणी मिळेना, म्हणून आमच्या मुख्याध्यापकांनी माझं नाव सुचवलं. पहिला प्रयोग एका गावच्या शाळेच्या पटांगणात, संध्याकाळी. पडद्यामागे मी पहिलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते. धीर देतील म्हणून मी काकांना शोधायला गेले, तर ते शाळेच्या मागे गटारीवर वाकून उलटी करत होते. सगळा तालुका ज्यांच्यावर हसतो त्या माणसाचा चेहरा पांढराफटक, ओठ थरथरताहेत. मी आणखीच घाबरले. वाटलं, यांचंच असं, मग माझं काय होणार! काकांनी चूळ भरली, उपरण्याने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुले काय वाटनं, माले भ्याव वाटत नही? दर येळले असंच व्हस. आते जाय, तुन्ही येळ व्हई गयी."

मी गेले. कशी गेले ते आठवत नाही. पण माझ्यामागून काका आले, पटांगण हसलं, आणि त्या हसण्याबरोबर त्यांचे खांदे सैल झालेले मला जवळून दिसले. त्या दिवसानंतर आम्ही पुष्कळ वर्षं बाप-लेक म्हणून उभे राहिलो. नाटक बदलायचं, पण नातं तेच. प्रत्येक वेळी एन्ट्रीआधी त्यांचं तेच व्हायचं आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज हा माणूस स्टेजवर जाऊच शकणार नाही. एकदा प्रयोगाहून तळोद्याला परत येताना जीपमध्ये मी विचारलं, "काका, इतकी वर्षं झाली, भीती जात कशी नाही?" त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "जावाले नको ती. भ्याव गयं म्हंजे समोरना मानूस दिसत नही." तेव्हा मला ते नीट समजलं नव्हतं. नंतर एका प्रयोगात मी फार निर्धास्त होते. सगळी वाक्यं पाठ, टाळ्या पण मिळाल्या. आत आल्यावर काका एवढंच म्हणाले, "आज तू मन्हाकडे देखं नही." खरंच बघितलं नव्हतं.

मग त्यांची वाक्यं निसटू लागली. सुरुवातीला आम्ही वयावर घालवलं. एखादा शब्द सापडला नाही की काका धोतर सावरत, लोक हसत, तेवढ्या वेळात मी त्यांचं वाक्य माझ्या तोंडात घालून पुढे सरकवत असे. प्रेक्षकांना पत्ता लागत नव्हता. पण मला लागत होता. समोर उभं राहून मी त्यांच्या डोळ्यांकडे बघायची, आणि कधीकधी त्या डोळ्यांत कोणीच नसायचं. क्षणभरच. मग ते परत यायचे. ते परत येईपर्यंत मी त्यांची बाही धरून ठेवायची. महावीरने त्यांना सुरतेला दाखवलं. डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं आणि हळूहळू वाढेल म्हणाले. आम्ही सगळे म्हणालो, आता पुरे. काकांनी हात जोडले. "धानोऱ्याचा शब्द दिलाय," ते म्हणाले, "तेवढा एक करू द्या." त्यांना नाही म्हणणं कुणाला जमलं नाही.

धानोऱ्याला दुपारचा प्रयोग होता. मंडप भरलेला, बायका पोरांना घेऊन पुढे बसलेल्या. नाटकात सासरी निघालेल्या लेकीला बाप एसटीच्या थांब्यावर सोडायला येतो आणि गाडी येऊ नये म्हणून नाना उपाय करतो, असा प्रसंग होता. आमचा सगळ्यांत रंगणारा प्रसंग. मी म्हणाले, "आप्पा, गाडी उनी देखा." उत्तर आलं नाही. काका माझ्याकडे बघत होते. मी वाक्य फिरवून पुन्हा म्हणाले. ते एक पाऊल मागे सरकले, मंडपाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि अगदी बारीक, लहान पोराच्या आवाजात म्हणाले, "जीजी, थूं कठै ही? म्हनै घणो डर लागै..."

जीजी म्हणजे त्यांची थोरली बहीण. काका लहान असतानाच ती लग्न होऊन दूर गेली, हे मला नंतर महावीरने सांगितलं. त्या वेळी मला एवढंच कळलं, की ते माझ्याशी बोलत नाहीयेत आणि त्यांना फार भीती वाटतेय.

आणि मंडप हसला.

लोकांचा काय दोष? पारसकाका बोलले की हसायचं, हे त्यांना माहीत होतं. त्यात मारवाडीत बोलले, बारीक आवाजात बोलले... म्हणजे काहीतरी नवीनच काढलेलं दिसतं. हशा वाढत गेला. ज्या हसण्याने आयुष्यभर त्यांचे खांदे सैल झाले, त्याच हसण्याने आता ते अंग चोरून घेत होते. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. लोक आणखी हसले. कुणीतरी ओरडलं, "वन्स मोर!" मी इतकी कधीच घाबरले नाही, ना त्याआधी, ना त्यानंतर. माझ्याजवळ वाक्य नव्हतं. विंगेतून कुणी काही सांगत होतं, पण ऐकू येत नव्हतं. मी काकांकडे बघितलं. फक्त त्यांच्याचकडे. पुढे झाले आणि त्यांचे हात कानांवरून काढून माझ्या हातात घेतले. ते बर्फासारखे गार होते. "आठेच शे मी," मी म्हणाले. "कोठे बी गयी नही. चाल, घर जाऊत." ते लगेच चालू लागले, माझा पदर धरून. आम्ही आत गेलो आणि कुणीतरी पडदा ओढला. बाहेर टाळ्या वाजत होत्या.

आत खुर्चीवर बसल्यावर थोड्या वेळाने ते परत आले. उपरण्याने मान पुसत विचारलं, "लोके हासनात का?"

"खूप हासनात, काका."

"बेस," ते म्हणाले.

त्यानंतर ते स्टेजवर गेले नाहीत. मी शाळा सुटल्यावर अधूनमधून त्यांच्या घरी जायची. जाताना पाय जड व्हायचे, कारण त्यांची भीती आता मोकळी सुटली होती. पूर्वी ती एन्ट्रीआधी यायची आणि एन्ट्रीबरोबर जायची. आता एन्ट्री येतच नव्हती. खाटेच्या कडेला बसून ते घामाघूम होत आणि मला विचारत, "मन्ही एन्ट्री कव्हय शे? माले काहीच आठवत नही..." मी म्हणायची, "आजून येळ शे, काका." त्याने ते जास्तच तळमळत. वेळ असणं, हेच तर त्यांना सोसत नव्हतं. एके दिवशी मला ते बघवेना, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खेळ व्हई गया, काका. भलता रंगना." ते माझ्याकडे बघत राहिले. मग पंच्याने तोंड पुसलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, रंग उतरवतात तसं. आणि आडवे होऊन झोपले. दारात काकी उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्याही तेच म्हणू लागल्या. त्यांना अहिराणी नीट येत नाही, तरी म्हणायच्या.

ते गेल्यावर भीती माझ्याकडे आली आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. वर्गात एखाद्या मुलाचं नाव पटकन आठवलं नाही, की मी खडू हातात धरून उभी राहते. पुढच्या महिन्यात रनाळ्याला प्रयोग आहे. काकांच्या जागी आमचे एक नवे गृहस्थ आहेत, चांगले आहेत, पण निर्धास्त आहेत.

गेल्या आठवड्यात काकींनी बोलावलं. घराला रंग देणं चालू होतं. त्या मला माडीवरच्या खोलीत घेऊन गेल्या. भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या, फक्त खिडकीशेजारी हाताच्या पंजाएवढा एक तेलकट, तपकिरी डाग राहिला होता. "दरवाजा बंद करून इथे पाठ करायचे," काकी म्हणाल्या. "भिंतीला कपाळ टेकवून. शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून हळू आवाजात. रंगवाल्याला सांगितलं, एवढं सोड." मग त्या खाटेवर बसल्या. "मी त्यांचं एकही नाटक पाहिलं नाही. लोक माझ्याकडे बघतील, अशी भीती वाटायची मला. ते काय बोलायचे, सांगशील?"

मलाही भीती वाटली. समोर एकच बाई बसलेली, आणि तरीही. मी त्या डागाकडे तोंड केलं आणि धानोऱ्याच्या त्या नाटकाचं पहिलं वाक्य म्हणाले, लेकीचं. "आप्पा, मन्ही पिशवी कोठे दपाडी तुम्हीन?" पिशवी लपवून ठेवणाऱ्या बापाने उत्तर द्यायचं असतं. मी थांबले. खोलीत रंगाचा ओला वास होता, खालून दुकानातला आवाज येत होता. उत्तर कुणी दिलं नाही, तेव्हा तेही मीच दिलं, "कोनती पिशवी? तू या घरमा उनी तव्हय तुन्हा हातमा काहीच नव्हतं!"

मागे काकी हसल्या. पदर तोंडाशी धरून, पण चांगल्या मोठ्याने हसल्या.

"मग?" त्या म्हणाल्या. "पुढे?"